पेल्यात बोट बुडवू नका, आणि इतर काही चुका

न्यू जर्सीतल्या आमच्या एपिस्कोपल चर्चमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या अँग्लिकन परंपरेच्या चर्चमध्ये, मी बारा वर्षं प्रभुभोजनाचा पेला धरून उभा राहतो. प्रभुभोजन म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. मी पाळक नाही, साधा सभासद; बिशपांचा परवाना असला की हे काम करता येतं. पुण्या-नगरकडून नवं कुटुंब आलं की ते आधी मला गाठतं. १९७० साली नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात आपले अँग्लिकनही सामील झाले, त्यामुळे तिकडचा बाप्तिस्मा इथे चालतो, पुन्हा घ्यावा लागत नाही. गोंधळ होतो तो वेदीपाशी.

सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे भाकरीची चकती स्वतःच्या हाताने द्राक्षारसात बुडवणं. (तिला वेफर म्हणू नका, आपली पोरं बटाट्याच्या वेफर्सची वाट बघत बसतात.) सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्यायचं याची किळस वाटते, म्हणून ही युक्ती. अहो, पेल्याचा काठ मी प्रत्येकानंतर रुमालाने पुसतो आणि पेला थोडा फिरवतो. तुमची बोटं मात्र थेट द्राक्षारसात, आणि तीही नुकतीच शांतीच्या अभिवादनात अर्ध्या चर्चशी हस्तांदोलन करून आलेली!

एका ईस्टरला गर्दी तुडुंब. एक तरुण घाईघाईत आला, मी पेला पुढे करायच्या आतच त्याने चकती बुडवली आणि ती सुटली. मग ती काढायला बोटं आत, मनगटापर्यंत लाल. त्याच्या मागे एक बाई होत्या, त्यांना गव्हाचा कणही चालत नाही. त्यांच्यासाठी ग्लुटेन नसलेली चकती वेगळ्या डबीत ठेवतो आम्ही. पण पेल्यात भाकरीचा लगदा तरंगताना बघून त्यांनी मान हलवली आणि तशाच परत गेल्या. ईस्टरच्या दिवशी! उरलेला द्राक्षारस ओतून द्यायचा नसतो, आदराने संपवायचा असतो. तो मी प्यायलो, लगद्यासकट.

नुसती भाकर घेतली तरी प्रभुभोजन पूर्ण होतं. पेला आला की हात छातीवर दुमडा, मी पुढे सरकतो. मात्र भाकरीच्या वेळी हात दुमडलेत तर पाळकांना वाटेल तुम्हाला फक्त आशीर्वाद हवाय. प्यायचं असेल तर पेल्याचा तळ धरून ओठांकडे वळवा. मान खाली घालून गुडघ्यावर बसलेल्या माणसाचे ओठ मला वरून दिसत नाहीत हो.

दुसरी खोड बाप्तिस्म्याची. ‘आजीचं विमान मंगळवारी, शनिवारी दुपारी उरकून टाकू ना?’ उरकायला तो काय मुंज आहे? आमच्या चर्चच्या १९७९ च्या प्रार्थना पुस्तकाप्रमाणे बाप्तिस्मा रविवारच्या किंवा सणाच्या मुख्य उपासनेत होतो, कारण बाळाला आधार देण्याचं वचन सगळी मंडळी उभी राहून देते. त्यासाठी खास दिवसही सांगितलेत: ईस्टरची जागरण उपासना, पेन्टेकॉस्ट (पवित्र आत्म्याच्या आगमनाचा सण), सर्व संतांचा दिवस किंवा त्यानंतरचा रविवार, आणि प्रभूच्या बाप्तिस्म्याचा सण. माझा सल्ला ऐकाल तर आजीचं तिकीट बदला. शिवाय धर्मपालकांपैकी (बाळाला श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी घेणाऱ्यांपैकी) एकाचा तरी बाप्तिस्मा झालेला हवा. ऑफिसातला जिवलग मित्र तेवढ्याने चालत नाही.

लग्नाचं आधी पाळकांना सांगा, मग हॉल ठरवा. किमान ३० दिवसांची सूचना लागते आणि दोघांपैकी एकाचा तरी बाप्तिस्मा झालेला असावा लागतो.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात हालेलूया म्हणत नाहीत. दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, आणि तेही खणखणीत.

स्त्री पाळकांना ‘सर’ म्हणू नका. १९७६ च्या ठरावापासून स्त्रिया इथे पाळक होतात. ‘मदर’ म्हणा, नाहीतर त्या सांगतील ते नाव घ्या.

उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, राखेच्या बुधवारी, कपाळावर राखेचा क्रूस काढतात. त्या दिवशी मदत करायला येणाऱ्या उत्साही मंडळींनो, गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या जाळून केलेल्या राखेत पाणी घालू नका. पाण्याने राखेतला क्षार उतरतो आणि कपाळं भाजतात. मी राख चहाच्या गाळणीने दोनदा चाळतो आणि ऑलिव्ह तेलाचे दोन थेंब टाकतो, बस्स.