कोल्हापूर ते कणकवली, दाजीपूरमार्गे: गटाने सायकलवर जाताना

कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर आणि फोंडाघाट या मार्गाने कणकवलीला उतरणारा रस्ता सुमारे ११० ते १२० किलोमीटरचा आहे आणि कसलेला सायकलस्वार तो एका दिवसात संपवू शकतो. गटाने जायचे असेल, तर मात्र तो दोन दिवसांचाच धरावा. प्रश्न दमसासाचा नाही. या रस्त्याचा मधला भाग राधानगरी वन्यजीव अभयारण्यातून जातो आणि तो भाग उन्हे वर आल्यावर सुरू होऊन उन्हे कलण्याच्या आत संपला पाहिजे. सहलीचे बाकीचे सगळे वेळापत्रक या एका अटीवरून उलटे मोजत यावे लागते.

१९५८ साली गव्यांसाठी म्हणून दाजीपूरचे जंगल राखीव झाले, पुढे १९८५ मध्ये त्याचा विस्तार होऊन सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य आकाराला आले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसा स्थळांच्या यादीत त्याचा समावेश झाला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात शिरण्यास परवानगी लागते. त्यातून सार्वजनिक रस्त्याने नुसते पार होणाऱ्याला सूट आहे. याचा व्यवहारातला अर्थ असा की डांबरी रस्ता आपला, पण बाजूची पायवाट, सडा (उघडे खडकाळ पठार) किंवा पाणवठा आपला नाही. फोटोसाठी शंभर पावले आत जाणे हेसुद्धा परवानगीशिवाय करू नये. आतले जंगल पाहायचे असेल, तर दाजीपूरला वनविभागाकडे शुल्क भरून, त्यांच्या नियमाप्रमाणे वाहनातून वेगळी फेरी करावी; ती पावसाळ्यात बंद असते. सायकल सहलीतच ही फेरी कोंबण्याचा मोह आवरावा, कारण त्यात जाणारे तीन-चार तास नेमके घाट उतरण्याच्या वेळेतून वजा होतात.

हंगाम निवडताना बहुतेक जण फक्त पाऊस आणि थंडी पाहतात. या रस्त्यावर तिसरी गोष्ट पाहावी लागते, ती म्हणजे ऊस. भोगावती नदीच्या खोऱ्यात उसाचा गळीत हंगाम साधारण नोव्हेंबरात सुरू होतो आणि फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालतो. त्या काळात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रात्रंदिवस रस्त्यावर असतात. ट्रॉलीच्या दोन्ही अंगांनी उसाची वाढी (शेंड्याची पाने) बाहेर लोंबत असते, मागचा दिवा असलाच तर धुळीने झाकलेला असतो, आणि दुसरी ट्रॉली वळणावर पहिलीपेक्षा आत येते. त्यामुळे ट्रॅक्टरला ओलांडताना चालकाच्या बाजूने मोकळा रस्ता दिसल्याशिवाय बाहेर पडू नये आणि दोन ट्रॉल्यांच्या शेजारून जाताना मध्येच वेग कमी करू नये. पाऊस उघडल्यानंतरचे आणि कारखाने पूर्ण जोमात येण्याआधीचे दोन-तीन आठवडे सर्वांत चांगले. डिसेंबर-जानेवारीत हवा उत्तम असते, पण धुके आणि ऊस दोन्ही असल्याने पहाटे निघू नये. भर पावसाळ्यात हा परिसर देखणा असला, तरी दाजीपूरला कोसळणारा पाऊस, निसरडा घाट आणि ढगांत हरवणारा रस्ता यांमुळे नवख्यांचा गट त्या दिवसांत नेऊ नये.

गट दहा-बारा जणांपेक्षा मोठा नसावा. त्याहून जास्त लोक जमले, तर पाच-सहा जणांच्या तुकड्या करून त्या थोड्या अंतराने सोडाव्यात. प्रत्येक तुकडीत पुढे राहणारा एक लीड आणि सर्वांत मागे राहणारा एक स्वीप ठरलेला असावा, आणि स्वीप हा गटातला दमदार व दुरुस्ती येणारा माणूस असावा. आपल्याकडे तगड्या सायकलस्वाराला पुढे आणि बिचाऱ्या दमलेल्याला एकट्याला मागे सोडण्याची जी पद्धत आहे, ती नेमकी उलटी आहे. लीडने कोणत्याही वळणावर किंवा फाट्यावर मागचा माणूस दिसेपर्यंत थांबावे. राधानगरी सोडल्यावर मोबाइलची रेंज मध्येच जाते, म्हणून ‘पुढे गेल्यावर फोन करू’ हा बेत करूच नये. थांबायची ठिकाणे आदल्या रात्री नावानिशी ठरवावीत आणि नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यावा. रुग्णवाहिकेचा १०८, आपत्कालीन मदतीचा ११२ आणि वनविभागाचा १९२६ हे क्रमांक प्रत्येकाच्या खिशात कागदावर असावेत. राधानगरीला ग्रामीण रुग्णालय आणि कणकवलीला उपजिल्हा रुग्णालय आहे. मधल्या टप्प्यात मात्र मदत यायला वेळ लागतो हे गृहीत धरावे.

सायकल कोणती, यावर फार वाद घालण्यात अर्थ नाही. गिअरची, सुस्थितीतली कोणतीही सायकल चालते. मात्र मागच्या चाकाला मोठी दातेरी चकती असेल, तर चढ सुसह्य होतात. निघण्याआधी ब्रेक पॅड नवे आहेत ना, हे पाहणे नव्या सायकलीपेक्षा महत्त्वाचे आहे. प्रत्येकाकडे आपल्या चाकाच्या मापाच्या दोन ट्यूब आणि टायर काढायचे लीव्हर असावेत, आणि पंप, चेन तोडण्याचे अवजार, जादा चेनलिंक व गिअरची वायर हे सामान स्वीपकडे असावे. हेल्मेट नसलेल्याला सहलीत घेऊ नये, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

पहिला दिवस सोपा आहे. शहरातून बाहेर पडताना पुईखडीचा चढ लागतो, तो पाय गरम व्हायच्या आत येत असल्याने हलक्या गिअरवर सावकाश काढावा. पुढे हळदी आणि परिते ही गावे घेत रस्ता भोगावतीच्या खोऱ्यातून जातो. येथे एकामागे एक अशीच ओळ ठेवावी आणि शेजारी-शेजारी गप्पा मारत जाण्याची हौस चहाच्या थांब्यावर भागवावी. न्याहारीला पोहे किंवा उप्पीट, सोबत केळी, शेंगदाणे आणि गुळाचा खडा एवढे पुरते. कोल्हापुरात मुक्काम करून मिसळ न खाता निघणे कठीण असते, पण झणझणीत कट पोटात घेऊन पन्नास किलोमीटर जाणे त्याहून कठीण असते. तहान लागण्याआधी पाणी प्यावे आणि दोन बाटल्यांपैकी एकीत ओआरएस घालावे. राधानगरीला दुपारपर्यंत पोहोचता येते. तेवढ्या वेळात राजर्षी शाहू महाराजांच्या काळात काम सुरू झालेले धरण पाहून होते. पाण्याच्या दाबाने आपोआप उघडणारे त्याचे दरवाजे हे या भागाचे खास वैशिष्ट्य आहे.

मुक्काम राधानगरीलाच करावा. दाजीपूरला राहण्याचे आकर्षण मोठे असते, परंतु त्यासाठी पहिल्याच दिवशी दमलेल्या पायांनी संध्याकाळच्या वेळी अभयारण्यातून चढावे लागते, आणि गवे रस्त्यावर येण्याची तीच वेळ असते. राधानगरीत राहिल्यास सकाळी आठच्या सुमारास, धुके विरल्यावर, ताज्या पायांनी निघता येते.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता धरणाच्या पाणलोटाच्या कडेने चढउतार करीत जातो. एकच मोठा घाट नाही, पण छोटे चढ संपतही नाहीत. अशा रस्त्यावर उभे राहून जोर लावणाऱ्याचे पाय दुपारी बोलू लागतात. बसून, हलक्या गिअरवर, शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता येईल एवढ्याच दमाने चालवावे. या टप्प्यात जोडीचा नियम कडक पाळावा. कोणीही एकटा पुढे जाणार नाही आणि कोणीही एकटा मागे राहणार नाही. स्पीकरवरची गाणी, आरडाओरडा आणि विनाकारण घंटी बंद. खाल्ल्यावर बिस्किटाचे वेष्टन खिशात जावे. केळीची सालेही रस्त्याकडेला टाकू नयेत, कारण त्यांनी वानरे रस्त्यावर येऊन बसायला शिकतात आणि गाडीखाली येतात. या झाडीत शेकरूही दिसते. मान वर करून पाहायचे असल्यास सायकल थांबवूनच पाहावे.

गवा दिसला तर काय करावे, हे निघण्याआधी सर्वांना नीट सांगावे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोच्या आसपास भरतो. अंग काळेभोर, गुडघ्यांखाली पाय पांढरे मोजे घातल्यासारखे, आणि खांद्यापासून पाठीपर्यंत उभी वशिंडाची धार. एवढे जनावर बांबूच्या सावलीत पन्नास पावलांवर उभे असले, तरी हलेपर्यंत दिसत नाही. तो बहुधा माणसाला टाळतो, पण कोंडी झाली, वासरू जवळ असले किंवा एकटा नर अचानक समोर आला, तर भरवसा नाही. मान वळवून आपल्याकडे रोखून पाहणे, नाकातून जोराचा फुस्कारा सोडणे आणि आपले सगळे अंग दिसेल असे आडवे उभे राहणे हा इशारा समजावा. अशा वेळी लांबूनच थांबावे, सायकलवरून उतरावे, सायकल आपल्या आणि त्याच्या मध्ये ठेवावी आणि पाठ न दाखवता हळूहळू मागे सरावे. गट एकत्र उभा राहावा, पण रस्ता अडवू नये. जनावराला निघून जायला वाट मोकळी हवी. कळप रस्ता ओलांडत असेल, तर शेवटचा गवा गेला असे वाटल्यानंतरही काही मिनिटे थांबावे, कारण रेंगाळलेले वासरू आणि त्याच्यामागची मादी हमखास उशिरा येतात. मागून एसटी किंवा ट्रक आल्यास तो पुढे जाऊ द्यावा आणि त्याच्या पाठोपाठ, ओळीने निघावे. घंटी, फ्लॅश आणि धूम ठोकणे हे तिन्ही वर्ज्य.

दाजीपूरला अकरा-बाराच्या सुमारास पोहोचावे, जेवण हलके घ्यावे आणि घाटात शिरण्याआधी प्रत्येक सायकल तपासावी. चाक उचलून फिरवावे, ब्रेक दाबून लीव्हर हँडलला टेकत नाही ना हे पाहावे, टायरवर बोट फिरवून रुतलेली खडी काढावी आणि चाकांचे क्विक रिलीज (चाक झटकन काढता येणारी खिट्टी) घट्ट आहेत ना याची स्वतः खात्री करावी. हे काम स्वीपने दुसऱ्यांदा करावे.

फोंडाघाट उतरताना गट पुन्हा मोकळा करावा. दोन सायकलींत निदान पन्नास मीटर अंतर असावे आणि कोणी कोणाला ओलांडू नये. ब्रेक सतत धरून ठेवल्यास रिम तापते आणि ट्यूब फुटू शकते, म्हणून दोन्ही ब्रेक थोडा वेळ दाबून सोडावेत, पुन्हा दाबावेत. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात नव्हे. नजर दरीकडे न जाता वळण जिथे सुटते तिथे असावी आणि आतल्या बाजूचे पेडल वर असावे. कडेला वाहून आलेली बारीक खडी आणि ओला पाला असतो, त्यामुळे अगदी कडेने जाणे सुरक्षित वाटले तरी नसते. अवजड गाड्या नागमोडी वळणावर आपली बाजू सोडून येतात. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. निम्म्यावर रुंद जागा पाहून सर्वांनी थांबावे, बोटे मोकळी करावीत आणि रिम किती तापली आहे ते पाहावे, मात्र डिस्क ब्रेकच्या चकतीला हात लावू नये.

फोंडा बाजारपेठेत उतरल्यावर हवा दमट आणि उकाड्याची होते, आणि घाट संपला या आनंदात पाणी प्यायचे राहून जाते. कणकवलीपर्यंतचे पुढचे वीसेक किलोमीटर कोकणातल्या लहान चढांचे आहेत. तेथेच पायात गोळे येतात. परतीची सोय आधी ठरवलेली असावी. कोल्हापूरला जाणाऱ्यांनी टेम्पो सांगून ठेवावा. कणकवलीहून रेल्वेने मुंबईला जाणाऱ्यांनी दोन-तीन मिनिटांच्या थांब्यात दहा सायकली गाडीत चढतील या भरवशावर राहू नये. सायकली टेम्पोने वेगळ्या पाठवाव्यात आणि त्यासाठी सोबत जुनी चादर, दोरी व पेडल काढायचा पाना घ्यावा.