हेअरस्टायलिस्ट निवडताय? या चुका टाळा

लग्नसराई तोंडावर आली की पार्लरमध्ये वेळ मिळेनाशी होते, आणि त्या घाईतच अनेकींचे केस बिघडतात. चांगला स्टायलिस्ट ओळखायची माझी एकच खूण आहे: कात्री किंवा ब्रश हातात घेण्याआधी तो काय विचारतो?

बहुतेक जण पार्लरची पाटी बघून जातात. पण केस पाटी कापत नाही, माणूस कापतो. मोठ्या साखळी सलूनमध्ये माणसं सतत बदलत असतात, त्यामुळे मैत्रिणीचा कट आवडला असेल तर तो कोणी केला हे नावानिशी विचारा आणि फोन करताना तीच व्यक्ती मागा. इन्स्टावरच्या फोटोंवरही जाऊ नका. तिथले केस नुकतेच ब्लो-ड्राय केलेले असतात. तुमच्यासारख्याच केसांवरचं काम दाखवायला सांगा, जमल्यास घरी धुतल्यानंतरचं.

सगळ्यात महागात पडते ती मेंदी लपवणं. आपल्याकडे वर्षानुवर्षं मेंदी लावणाऱ्या कितीतरी जणी हायलाइट्स करायला जातात आणि ‘कलर कधी केलाच नाही’ असं सांगतात. शुद्ध मेंदीचा रंग केसात पक्का मुरलेला असतो. तो ब्लीचने सहज निघत नाही, केस नारिंगी पडतात. बाजारातल्या काही पुड्यांमध्ये धातूंचे क्षार असतात. त्यांच्यावर ब्लीचमधलं पेरॉक्साइड पडलं की केस तापतात, तुटूही शकतात. जाणकार स्टायलिस्ट खोदून खोदून विचारेल, ‘ताई, गेल्या दोन-तीन वर्षांत काय काय लावलंय? कुठल्या कंपनीची मेंदी?’ मग कानामागची एक बारीक बट घेऊन तिच्यावर आधी करून बघेल. हे न विचारता कोणी थेट ब्लीच कालवायला घेतलं, तर खुर्चीतून उठा. संकोच करू नका.

केस सरळ, मऊ करायच्या केरॅटिन आणि स्मूदनिंग या दोन पद्धती एकच समजणं हीसुद्धा नेहमीची चूक. केरॅटिनचा लेप केसावर बसतो आणि काही महिन्यांत उतरतो. स्मूदनिंगमध्ये केसाच्या आतले बंध तोडून पुन्हा जोडतात, म्हणून ते केस सरळच राहतात आणि मुळाशी नवे केस मूळच्या वळणाचे येतात. कुठलं करणार आहात, हे स्पष्ट विचारा आणि बाटलीवरचं लेबल स्वतः वाचा. इस्त्री फिरवताना डोळे चुरचुरले, घसा खवखवला तर फॉर्मल्डिहाइडची शंका घ्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था त्याला माणसात कर्करोग घडवणारं रसायन मानते. ‘फॉर्मल्डिहाइड-फ्री’ वाचूनही निर्धास्त होऊ नका. अशा काही क्रीममध्ये ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. तसं क्रीम वापरल्यावर एका तरुणीच्या मूत्रपिंडांना पुन्हापुन्हा इजा झाल्याची नोंद २०२४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आली होती. ‘काही होत नाही हो, सगळेच करतात’ हे उत्तर मला तरी चालत नाही.

डायआधी पॅच टेस्ट हवीच. कोपराच्या आतल्या बाजूला थोडा डाय लावून ॲलर्जी होते का ते ४८ तास बघायचं. पूर्वी काळ्या मेंदीने अंगावर पुरळ उठलं असेल तर ते आवर्जून सांगा, कारण पीपीडी हे रसायन दोन्हीकडे असू शकतं.

कुरळे केस असतील तर ते कोरडे असताना कसे पडतात हे न बघताच ओले करून कापणाऱ्याकडे जाऊ नका. ओला कुरळा केस लांब दिसतो, वाळला की आखडतो.

आणि नव्या व्यक्तीकडे पहिल्याच भेटीत मोठा बदल करू नका. आधी नुसतं ट्रिमिंग करून घ्या. हात कळतो, बोलणं ऐकून घेतात का हेही कळतं. लग्नासाठी करायचं असेल तर निदान दोन महिने आधी जा.

बिघडलंच तर? कट वाकडा वाटला तर एकदा धुऊन, स्वतः विंचरून बघा, आणि तरीही पटला नाही तर त्याच आठवड्यात परत जाऊन शांतपणे दाखवा. रंग फार गडद झाला असेल तर वरून फिकट डाय लावून तो उजळत नाही. रंग काढणाऱ्या अनुभवी हाताकडे जा. मात्र ओला केस रबरासारखा ताणला जाऊन तुटत असेल तर सगळी रसायनं आणि इस्त्री बंद. खराब भाग थोडा थोडा कापत राहायचा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, त्या हिशेबाने खांद्यापर्यंतच्या केसांना दोन वर्षं सहज लागतात.