स्टार क्वार्टरबॅक नसताना टीम सुपर बोलच्या लायकीची आहे का, हे कसं ओळखायचं

दर सप्टेंबरला एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, सुरू झाली की न्यू जर्सीहून मेव्हण्याचा फोन येतोच, आणि वाक्यही ठरलेलं, "दाजी, क्वार्टरबॅक धड नाहीये, यंदाही बोंबला." न्यू यॉर्क जेट्स या टीमचा फॅन आहे बिचारा, त्याला बोलायचा हक्क आहे. क्वार्टरबॅक म्हणजे बॉल फेकणारा, टीमचा हल्ला चालवणारा मुख्य खेळाडू. पण स्टार नाही म्हणजे संपलं हे काही खरं नाही, आणि स्टार आहे म्हणजे जमलं हे तर अजिबातच नाही. इथे पुण्यात सोमवारी पहाटे पाचला चहा घेऊन सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, बघता बघता माझी टीम जोखायची एक पद्धत बसलीये, ती सांगतो. (अमेरिकन फुटबॉल म्हणतोय हां, मेस्सीवालं नाही.)

आधी पगार बघायचा, खेळ नंतर. तिकडे प्रत्येक टीमला सॅलरी कॅप असते, आयपीएल ऑक्शनची पर्स असते ना तसंच समजा. २०२४ ला ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती आणि त्यात ५३ जण बसवायचे. त्याच वर्षी डॅलस काउबॉइजनी डॅक प्रेस्कॉटला वर्षाला सरासरी ६ कोटींचं कॉन्ट्रॅक्ट दिलं. आता साइनिंग बोनस पाच वर्षांपर्यंत पसरवता येतो म्हणून सगळे ६ कोटी लगेच कॅपवर पडत नाहीत, पण उधारी ती उधारीच. त्या सीझनला डॅक अर्ध्यात हॅमस्ट्रिंगने बाहेर गेला आणि टीम ७-१०, म्हणजे सात जिंकल्या, दहा हरल्या. उलट सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी बघा, २०२२ च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या पोरांच्या निवडीतला, अगदी शेवटचा, २६२ वा, २०२३ ला पगार ९ लाख डॉलरच्याही आत, आणि टीम थेट फायनलला, तिथे ओव्हरटाइममध्ये २५-२२ ने गेली. क्वार्टरबॅकवर वाचलेले पैसे बाकीच्यांवर लावता आले ना! २०२५ ला त्यालाच ५ वर्षांचे साडेसव्वीस कोटी द्यावे लागले, स्वस्ताई संपली. म्हणून तुमच्या टीमचा क्वार्टरबॅक पहिल्या स्वस्त कॉन्ट्रॅक्टवर असेल तर ती तीन-चार वर्षं सोन्याची. आणि खरे हाल कुणाचे, तर मधल्याच माणसाला स्टारचा भाव देऊन बसलेल्यांचे.

मग ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे क्वार्टरबॅकला सांभाळणारी पुढची फळी. याला कुठलाही स्टॅट लागत नाही. थर्ड डाऊन आहे (दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यातला तिसरा), आठ यार्ड पाहिजेत, बॉल स्नॅप झाला, म्हणजे मागे क्वार्टरबॅककडे आला, की मनात सेकंद मोजायला लागा आणि क्वार्टरबॅककडे बघूच नका, त्याच्या पुढ्यातल्या पाच दांडग्यांकडे बघा. थ्रो सुटायला साधारण अडीच-पावणेतीन सेकंद लागतात. तेवढा वेळ ते पाच जण हलले नाहीत तर साधासुधा क्वार्टरबॅकही हुशार दिसतो, हलले तर कॅन्सस सिटीच्या पॅट्रिक माहोम्ससारख्या स्टारचंही काही चालत नाही. फेब्रुवारी २०२५ ची फायनल आठवा, फिलाडेल्फिया ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ केला नाही, म्हणजे ज्यादा माणूस सोडलाच नाही, नेहमीच्याच मंडळींनी माहोम्सला सहा वेळा आडवं केलं, एका क्षणी तर ३४-० होतं. ती मॅच रिप्लेवर लावून मोजून बघा, हात बसेल.

डिफेन्सचं जास्त काय सांगायचं, २००० चे बाल्टिमोर रेव्हन्स आहेतच. १६ मॅचमध्ये फक्त १६५ पॉइंट दिले. मधे सलग पाच मॅच एकही टचडाऊन (बॉल गोल लाइनपलीकडे नेला की सहा पॉइंट) नाही, तरी त्यातल्या दोन जिंकले! क्वार्टरबॅक कोण, तर साधासुधा ट्रेंट डिल्फर, आणि फायनल ३४-७. उलट्या बाजूला २०२४ चा सिनसिनाटीचा स्टार क्वार्टरबॅक जो बरो, ४३ टचडाऊन, ४९१८ यार्ड, आणि टीम ९-८, प्लेऑफच्या बाहेर, कारण तो जेवढं करायचा तेवढं डिफेन्स देऊन टाकायचं.

आता जे कुणी बघत नाही ते, दुसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक आणि कोच त्याला काय करू देतो. २०१७ ला ईगल्सचा कार्सन वेन्ट्झ डिसेंबरमध्ये गुडघा दुखावून बसला आणि निक फोल्स आला. फायनलला समोर न्यू इंग्लंडचा दिग्गज टॉम ब्रेडी. हाफटाइमला ३८ सेकंद बाकी, फोर्थ डाऊन, गोल लाइन एक यार्डावर, कुणीही लाथेने फील्ड गोल मारून तीन पॉइंट खिशात घातले असते. फोल्सनेच साइडलाइनला येऊन प्ले सुचवली आणि कोच हो म्हणाला. बॉल गेला रनिंग बॅककडे (बॉल घेऊन पळणारा), त्याने मागून पळत आलेल्या टाइट एंडला (एरवी झेलणारा) दिला, आणि त्याने फेकला तो कोपऱ्यात एकट्या उभ्या असलेल्या फोल्सकडे, टचडाऊन! मी चहा सांडला होता. ब्रेडीने त्या दिवशी ५०५ यार्ड मारले आणि हरला, ४१-३३.

पण एक पथ्य पाळा, हे सगळं एका वर्षाचं गणित आहे. डिल्फरला तर फायनल जिंकून देऊन बाल्टिमोरने ठेवलंच नाही, आणि तसा डिफेन्स दरवर्षी जमून येत नाही, माणसं महाग होतात, दुखावतात. दरवर्षी दारात उभं राहायचं असेल तर मात्र माहोम्सच लागतो, कॅन्सस सिटी २०१८ ते २०२४ सलग सात वर्षं कॉन्फरन्स फायनलला, म्हणजे सुपर बोलच्या आदल्या फेरीला, होती. त्यामुळे तुम्हाला यंदाचं विचारायचंय की पुढच्या दहा वर्षांचं, ते आधी ठरवा आणि मगच भांडायला बसा.

मेव्हण्याच्या जेट्सनी २०२३ ला स्टार आणला होता, ॲरन रॉजर्स, चार वेळचा एमव्हीपी, म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. पहिल्याच मॅचच्या चौथ्या स्नॅपला त्याचं टाचेमागचं ॲकिलीस गेलं. ती मॅच जेट्सनी जिंकली, डिफेन्सवर आणि ओव्हरटाइममधल्या एका पंट रिटर्नवर, म्हणजे समोरच्यांनी लाथाडलेला बॉल पकडून उलट पळत नेण्यावर. पुढच्या सीझनला रॉजर्स सगळ्या १७ मॅच खेळला आणि टीम ५-१२. मेव्हणा अजूनही त्या चौथ्या स्नॅपचंच सांगतो.