जुन्या लष्करी ट्रकचे ऑइल प्रेशर कसे तपासावे

डॅशबोर्डवरील ऑइल प्रेशरचा काटा शून्यावर आला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. मात्र तेवढ्यावरून इंजिन खोलायला घेऊ नये. २४ व्होल्टच्या जुन्या लष्करी ट्रकांत सेंडर (इंजिनवर बसवलेला, दाब ओळखून काट्याला विजेचा संकेत देणारा भाग), गंजलेली वायर किंवा कच्चे अर्थिंग यांमुळेही काटा खोटे दाखवतो, म्हणून खरा दाब यांत्रिक गेजनेच (नळीतून थेट ऑइलचा दाब दाखवणाऱ्या मापकानेच) मोजावा.

गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढावा व चाकांना अडसर लावावा. डिपस्टिकवर ऑइलची पातळी पाहावी आणि ते हुंगूनही पाहावे, कारण ऑइलमध्ये डिझेल उतरले असेल तर ते पातळ होते, दाब घसरतो आणि पातळी मात्र उलट वाढलेली दिसते. अशा वेळी आधी डिझेल कोठून उतरते ते शोधून ऑइल बदलावे.

इंजिन थंड असतानाच सेंडर काढावा. पाना त्याच्या षटकोनी भागावरच धरावा, पत्र्याच्या डबीवर जोर देऊ नये. त्या जागी योग्य आट्यांचा जोड घालून गेजची नळी बसवावी आणि ती पंखा व एक्झॉस्टपासून दूर बांधावी. इंजिन सुरू केल्यावर सुमारे दहा सेकंदांत दाब दिसला नाही, तर लगेच बंद करावे.

थंड, घट्ट ऑइलचा दाब नेहमीच जास्त भरतो, त्यामुळे त्या आकड्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे. इंजिन पूर्ण तापल्यावर आयडलिंगला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालताना) आणि मग वाढवलेल्या वेगावर अशी दोन मापे घेऊन ती त्याच इंजिनाच्या मॅन्युअलशी ताडावीत. इंजिनाच्या मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे सुमारे १० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचे एकक) हा प्रचलित ठोकताळा केवळ अंदाजापुरता आहे.

दोन्ही मापे कमी आली, तर ऑइल पंप, त्याची जाळी आणि अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारी झडप) तपासावा. दाब गरम आयडलिंगलाच फार खाली येत असेल, तर क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांची झीज हा माझ्या मते पहिला संशय असावा. यांत्रिक गेजवर दाब ठीक आणि डॅशबोर्डचा काटा मात्र खाली, तर दोष विजेच्या बाजूचा समजावा.

सेंडर परत बसवताना, त्याचे अर्थिंग आट्यांतून होत असल्यास, त्यांवर गळती रोखणारी टेप गुंडाळू नये, कारण तिने अर्थिंग तुटू शकते. शेवटी इंजिन चालवून गळती पाहावी.