घोड्याचे खूर: आधी दावणीतला खुराक, मग बायोटिन

घोड्याचा खूर वरच्या केसांच्या कडेपासून खाली, महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतो. पुढचा भाग पूर्ण नवा व्हायला ९ ते १२ महिने लागतात, टाच त्याहून लवकर बदलते. आज दिसणारी भेग जुन्या खुरात आहे. ती कुठल्याही पावडरीनं सांधत नाही. खाण्यातला बदल फक्त नव्या खुरात दिसतो, म्हणून महिनाभरात "गुण आला नाही" म्हणून सोडून देऊ नका.

सुरुवात वजनापासून करा. छातीचा घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून आणि लांबी खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत, दोन्ही सेंटिमीटरमध्ये मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, म्हणजे अंदाजे किलो. घेर १६० आणि लांबी १४० असेल तर वजन ३०० किलोच्या आसपास येतं. पुढची सगळी मापं अशाच घोड्यासाठी आहेत.

आपल्याकडचा नेहमीचा खुराक म्हणजे ज्वारीचा कडबा, भिजवलेले हरभरे आणि पोत्यातला गहू भुसा, म्हणजे गव्हाचा कोंडा. पोट भरतं, पण खुराला लागणारं बरंच यात कमी पडतं. भुशात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं. खाण्यात फॉस्फरस जास्त झाला की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं. हरभऱ्यात प्रथिनं चांगली, पण खूर ज्यापासून बनतो त्या केराटिनला लागणारं मेथिओनिन (प्रथिनांतला एक घटक) कमी. त्यात मराठवाड्यातल्या अनेक जमिनींत जस्त कमी असल्यानं चाऱ्यातूनही ते पुरेसं मिळेल याची खात्री नसते.

म्हणून आधी दावण दुरुस्त करा. रोज ४ किलो स्वच्छ कडब्याची कुट्टी आणि ४ ते ५ किलो हिरवा लसूणघास, किंवा वाळलेला असेल तर १ किलो. भुसा अर्ध्या किलोवर आणा. काम असेल तर हरभरा १ किलोपर्यंत, तोही दोन वेळांत वाटून. सोबत २०० ग्रॅम सोयाबीन पेंड द्या. लातूरच्या पट्ट्यात ती सहज मिळते, मात्र कच्चं सोयाबीन भरडून घालू नका, ते नीट पचत नाही. जवस ६० ग्रॅम, त्या दिवसापुरतं कोरडं दळून लगेच चारावं. भिजवायचं असेल तर उकळूनच द्या, कारण कच्च्या भिजवलेल्या जवसात विषारी सायनाइड तयार होऊ शकतं. मीठ २५ ग्रॅम, उन्हाळ्यात घाम गाळणाऱ्या घोड्याला ४० ते ५०. लसूणघास मिळतच नसेल तर पशुखाद्याच्या प्रतीची चुनखडी पूड ३० ग्रॅम द्या. पानाचा चुना मात्र कधीच नाही, तो तोंड भाजतो.

हे सगळं ८ ते १० दिवसांत हळूहळू बदला. माळेगावच्या यात्रेतून नवं घोडं आणलं असेल तर आधीचा मालक काय चारत होता हे विचारूनच आणा.

यानंतर पूरक खनिजं. जस्त रोज सुमारे २०० मिलिग्रॅम आणि तांबं ६० मिलिग्रॅम, म्हणजे ३ ते ४ भाग जस्ताला १ भाग तांबं. खताच्या दुकानातलं झिंक सल्फेट वापरू नका. कोंबड्यांचं खाद्य किंवा गाई-म्हशींची खनिज मिश्रणं घेताना लेबल वाचा. त्यात मोनेन्सिन (खाद्यात मिसळलं जाणारं एक औषध) असेल तर थोडंसंही घोड्याच्या हृदयावर उठतं आणि जीव जाऊ शकतो. सेलेनियम हे खनिज रक्त तपासल्याशिवाय वेगळं देऊ नका. ते जास्त झालं की आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि खूरच फाटतो.

बायोटिन, म्हणजे बी गटातलं एक जीवनसत्त्व, सगळ्यात शेवटी, रोज १२ ते १५ मिलिग्रॅम. लिपिझानर जातीच्या घोड्यांवरच्या १९९५ सालच्या अभ्यासात रोज २० मिलिग्रॅम देऊन फरक दिसायला सुमारे ९ महिने लागले होते. दावण तशीच ठेवून फक्त बायोटिन सुरू करणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

प्रगती मोजायची तर केसांच्या कडेखाली १ सेंटिमीटरवर कानशीनं बारीक खूण करा. महिन्याला फोटो काढा. नवा खूर कडेखाली गुळगुळीत, घट्ट आणि खालच्यापेक्षा वेगळा दिसू लागतो. दोघांमध्ये कधीकधी आडवी रेघही उमटते. नालबंदाला ६ आठवड्यांनी बोलवाच, लांबलेला खूर कितीही चांगलं खाल्लं तरी फाटतो. पावसाळ्यात तळव्याला काळा दुर्गंधी चिखल सुटला तर ते खाण्याचं नाही, ओल्या जागेचं दुखणं आहे. जळकं ऑइल लावू नका.

लग्नसराईत मंडळी कौतुकानं घोडीला गूळ, लाडू चारतात. हे थांबवाच. जास्त धान्य आणि गोड यामुळे खुराच्या आतला थर सुजतो. खूर गरम लागणं, घोट्याखाली नाडी जोरात उडणं, पुढचे पाय पुढे ताणून टाचांवर भार देणं, यातलं काही दिसलं की धान्य बंद करा, घोडं चालवू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवा. गावात डॉक्टर नसेल तर परभणी किंवा उदगीरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.