गावातून मराठी ब्लॉग लिहायचा तर: पहिल्या वर्षाचे काम

गोव्यावर इंटरनेटवर ढीगभर लिहिलेले आहे. त्यातले पुष्कळसे चार दिवस राहून गेलेल्यांनी लिहिलेले असते: किनारा कुठला, हॉटेल कुठले, मासळीची थाळी कुठे बरी. पण शिरगावच्या जत्रेला म्हापशाहून कसे जायचे, माटोळीचे (गणपतीवर टांगायच्या फळाफुलांच्या चौकटीचे) सामान चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, किती दिवस आधी बाजारात बसते, धालोत, म्हणजे बायकांच्या पौषातल्या नाचगाण्यांत, मांडावर (ती जिथे होतात त्या अंगणात) काय काय घडते, हे मराठीत शोधायला बसा. नेमके उत्तर क्वचितच हाती लागते. गोव्यात राहणाऱ्याने ब्लॉग सुरू करायचा तर त्याची जागा इथे आहे. जे स्वतः जाऊन, विचारून पडताळता येते तेच लिहायचे आणि ते दर वर्षी ताजे ठेवायचे.

आधी विषयाला कुंपण घाला

‘गोवा’ हा ब्लॉगचा विषय होऊ शकत नाही, तो फार मोठा आहे. ‘सत्तरी तालुक्यातले शिगम्याचे, म्हणजे गोव्याच्या होळीच्या सणाचे, प्रकार’, ‘अंत्रुज महालातली (फोंडा तालुक्यातली) देवळे आणि त्यांच्या जत्रा’, ‘फेरीबोटीने जाता येणारी बेटे’, ‘महिन्यागणिक बदलणारे गोव्याचे घरगुती जेवण’ हे विषय झाले. विषय ठरला की कागदावर ३० लेखांची शीर्षके लिहून काढा. अर्ध्या तासात दहाच्या पुढे जाता आले नाही, तर कुंपण फार आवळलेय किंवा विषय अजून पुरता आपला झालेला नाही. तिसांपैकी दहा शीर्षके भलत्याच वाटेने गेली, तर कुंपण सैल आहे.

त्या तिसांतले पाच लेख पूर्ण लिहून झाल्याशिवाय पहिला प्रसिद्ध करू नका. बरेच ब्लॉग तिसऱ्या लेखाला थांबतात ते याचसाठी की साठा नसतो. घरात लग्नकार्य येते, चवथ येते, आजारपण येते, आणि महिना कोरा जातो.

जागा आणि पत्ता

ब्लॉगर फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसा आहे. वर्डप्रेस स्वतःच्या होस्टिंगवर, म्हणजे भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, चालवायचा तर मोकळीक जास्त, पण दर वर्षीचा खर्च आणि देखभाल आपल्या गळ्यात. स्वतःच्या नावाचा डोमेन, म्हणजे ब्लॉगचा पत्ता, घेताना पहिल्या वर्षाची सवलत पाहू नका, नूतनीकरणाचा दर पाहा. तो बहुधा जास्त असतो.

मराठी लेखकांची सगळ्यात जास्त फसगत होते ती लेखाच्या पत्त्यात, म्हणजे लिंकमध्ये. ब्लॉगरला देवनागरी शीर्षक दिले की तो पत्त्यात ‘ब्लॉग-पोस्ट’ आणि एखादा आकडा एवढेच घालतो. त्यावरून लेख कशाचा ते कुणालाच कळत नाही. वर्डप्रेस उलट देवनागरी शीर्षकच पत्त्यात घेतो. दिसायला छान, पण ती लिंक कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकली की बहुतेक वेळा टक्केचिन्हे आणि आकड्यांची माळ होते. देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हामागे नऊ अक्षरे पडतात. ‘माटोळी’ हा एवढासा शब्द, पण मात्रा धरून त्यात सहा चिन्हे, म्हणजे ५४ अक्षरांची लिंक. लोक असल्या लिंकवर बोट ठेवायला बिचकतात.

म्हणून प्रसिद्ध करण्याआधी पत्ता हाताने लिहा: रोमन अक्षरांत, तीन-चार शब्द, मध्ये आडव्या रेघा. त्यात साल घालू नका, कारण पुढच्या वर्षी हाच लेख सुधारून वापरायचा आहे. ब्लॉगर साल आणि महिना स्वतःहून घालतो. त्याला इलाज नाही, निदान आपण आणखी घालू नये. आणि प्रसिद्ध झाल्यावर पत्ता बदलायचा नाही. आधी वाटलेल्या लिंका त्याने तुटू शकतात.

गावाचे नाव दोन्ही तऱ्हांनी

गोव्यात हे फार महत्त्वाचे. आपण डिचोली म्हणतो, रोमन पाटीवर ‘बिचोलिम’ असते. साखळीचे ‘सांकेलिम’, माशेलचे ‘मार्सेल’, चोडणचे ‘चोराव’. पुणे-मुंबईचा वाचक पाटीवरचे नाव वाचून तेच शोधतो. गावचा माणूस आपले नाव शोधतो. दोघांनाही लेख सापडायचा तर पहिल्या परिच्छेदात दोन्ही नावे एकदा सहज येऊ द्या: ‘फोंड्याजवळचे माशेल, म्हणजे पाटीवरचे मार्सेल.’ पुढे सगळीकडे आपलेच नाव वापरा.

तालुकाही लिहा. शिरगाव डिचोलीत आहे, तसे देवगडलाही आहे आणि पुण्याजवळही आहे.

कोंकणी शब्दांचेही तसेच. माटोळी, पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी), हुमण (मासळीची आमटी), मांड हे शब्द मराठीत ओढून बदलू नका. ‘माटोळी’ची ‘फळांची सजावट’ केली की त्यातला जीव जातो. पहिल्यांदा शब्द आला की त्याच वाक्यात अर्थ उलगडा: ‘माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट आणि तिला बांधलेली रानातली फळे-फुले.’ त्यानंतर बिनधास्त माटोळीच.

माहिती गोळा करताना

सणाची माहिती घेताना पहिला प्रश्न: दिवस तिथीने ठरतो की तारखेने? सांजांव, म्हणजे सेंट जॉनचा सण, दर वर्षी २४ जूनलाच. शिरगावच्या श्री देवी लईराईची जत्रा मात्र वैशाख शुद्ध पंचमीची: २०२४ साली ती १२ मे रोजी आली, २०२५ साली २ मे रोजी. लेखात नुसते ‘मेच्या सुरुवातीला’ लिहिले तर एखाद्या वर्षी वाचक जत्रा होऊन गेल्यावर पोचेल. तिथी लेखाच्या मुख्य मजकुरात लिहा, त्या वर्षाची तारीख सगळ्यात वर वेगळ्या ओळीत. पुढच्या वर्षी तेवढी एक ओळ बदलली की झाले.

मग वाचकाचे पाय डोळ्यांपुढे आणा. बस कुठे सोडते आणि तिथून किती चालायचे? होमकुंड कधी पेटते, धोंड, म्हणजे व्रत धरलेले भक्त, त्याच्या निखाऱ्यांवरून कधी जातात, गर्दी कुठल्या वेळेला कमी असते? परतीची बस रात्री मिळते का? देवळाच्या आत फोटो काढू देतात का? यातली प्रत्येक गोष्ट निदान दोघांना विचारा, त्यातला एक देवस्थान समितीतला किंवा महाजनांपैकी (देवळाच्या वंशपरंपरागत सभासदांपैकी) असावा. दोघांचे जुळले नाही तर स्वतः जाऊन पाहा, नाहीतर ते वाक्य गाळा. चुकीच्या वेळेमुळे एखादे कुटुंब पोराबाळांसकट तीन तास ताटकळते, आणि ते वाचक पुन्हा आपल्याकडे येत नाहीत.

इतिहास लिहायचा तर पणजीला पाटोवरचे कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ पासूनची ही संस्था. ‘असे म्हणतात की’ने सुरू होणारी आख्यायिका लेखात जरूर असावी, पण ती आख्यायिका म्हणूनच. तिला साल चिकटवू नका.

लिहिताना

पहिल्या तीन ओळींत वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर द्या. गोव्याच्या निसर्गसौंदर्याने सुरू होणारा परिच्छेद खोडून टाका. तो गेल्याने काहीच बिघडत नाही हे लगेच दिसेल. बहुतेक लोक मोबाइलवर वाचतात, तेव्हा परिच्छेद तीन-चार वाक्यांचा ठेवा. लेख साधारण ८०० ते १२०० शब्दांचा. त्याहून कमी शब्दांत काम होत असेल तर उत्तमच.

खरी कसोटी नेमकेपणाची. पाककृतीचेच घ्या. ‘बांगड्यांच्या हुमणात चवीनुसार तिरफळे घाला’ हे वाक्य ज्याला हुमण येते त्याच्या उपयोगाचे नाही, आणि ज्याला येत नाही त्याच्याही नाही. तेच असे लिहून पाहा: ‘मध्यम आकाराच्या चार बांगड्यांना १० ते १२ सुकी तिरफळे. आतले काळे बी काढून टाका, ते दाताखाली कचकचते. साले खलबत्त्यात नुसती ठेचा, खोबऱ्याच्या वाटणात वाटू नका. वाटली तर त्यांचा उग्रपणा साऱ्या हुमणावर बसतो. रसाला कढ आला की घाला.’ किती, कसे, कधी, आणि चुकले तर काय होते: चारही प्रश्नांची उत्तरे आली. शिगम्याचा लेख असो की फेरीबोटीचा, प्रत्येक सूचनेला हे चार प्रश्न विचारा.

टंकलेखनातही एक जागा सांभाळायची. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरातल्या. गोव्यात दोन्ही आहेत. रफाराच्या जागी नुक्त्याचा ऱ हवा असतो तिथे घाईत साधा र पडतो आणि अर्थ बदलतो. संगणकावर इनस्क्रिप्ट कळपाटात शिफ्ट धरून ‘जे’ दाबला की तो मिळतो. कुणी डीटीपी केलेला जुना मजकूर दिला, तर तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. श्रीलिपी किंवा कृतिदेवमधला मजकूर ब्लॉगमध्ये नुसता चिकटवला की वाचकाला भलतीच अक्षरे दिसतात.

अक्षर १८ पिक्सेलचे ठेवा आणि ओळींतले अंतर १.६ ते १.७ पट. देवनागरीत मात्रा वर आणि उकार खाली जातात. इंग्रजीसाठी बेतलेल्या साच्यात ते एकमेकांना टेकतात आणि डोळे दुखतात.

फोटो

मोबाइलचा फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे आठ फोटो लेखात टाकले की सत्तरीतल्या एखाद्या गावात, जिथे नेटवर्कची एकच काडी येते, तिथे लेख उघडणारच नाही. रुंदी १२०० पिक्सेलवर आणा, वजन २०० केबीच्या आत. फोटोच्या वर्णनाच्या जागी तो काय दाखवतो ते एका वाक्यात मराठीत लिहा. अंध वाचकांना तेवढाच आधार असतो.

कुणाच्या घरची माटोळी टिपली तर घरच्यांना विचारा, आणि फोटोत दडलेली जागेची नोंद काढून टाका. मोबाइल ती आपोआप जोडू शकतो. दुसऱ्याचा फोटो परवानगीवाचून वापरायचा नाही. खाली ‘सौजन्य: इंटरनेट’ लिहिल्याने परवानगी मिळत नाही.

कधी प्रसिद्ध करायचे

पंधरवड्याला एक लेख, ठरलेल्या वारी. रोज एक लिहिण्याचा संकल्प गोव्याच्या मे महिन्यात तरी कुणी करू नये.

सणाचा लेख सणाच्या दिवशी टाकून काही उपयोग नाही. गूगलला तो सापडायला आणि वर यायला वेळ लागतो, म्हणून सहा आठवडे आधी टाका. चवथीचा लेख आषाढ वद्यात, पौषातल्या धालोंचा लेख दिवाळी सरल्यावर, पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठी सोलां (आमसुले), सुकी मासळी, मिरच्या भरून ठेवण्याचा, मार्चअखेर. माशेलच्या चिखलकाल्याचा, म्हणजे आषाढात चिखलात खेळायच्या उत्सवाचा, लेख मेच्या शेवटापर्यंत तयार हवा. पंचांग समोर ठेवून वर्षाचा तक्ता एकदाच करा आणि भिंतीला लावा.

वाचक कुठून येतात ते पाहा

पहिल्याच दिवशी गूगल सर्च कन्सोलमध्ये ब्लॉग नोंदवा आणि साइटमॅप, म्हणजे ब्लॉगच्या पानांची यादी, द्या. फुकट आहे. महिन्यातून एकदा त्यातली शोधांची यादी वाचा: लोकांनी काय टाइप केले, आपला लेख किती वेळा दिसला, किती जणांनी उघडला. समजा ‘दिवाडी फेरीबोट वेळ’ या शोधाला आपला लेख ४०० वेळा दिसला आणि सहा जणांनीच उघडला. याचा अर्थ लोकांना वेळापत्रक हवे होते आणि आपले शीर्षक ‘दिवाडीचा रम्य फेरफटका’ असे होते. शीर्षक बदला, वेळा वर आणा.

सर्च कन्सोल १६ महिन्यांचीच नोंद ठेवते. वर्षातून एकदा येणाऱ्या सणाच्या लेखाला यंदाचे आकडे मागच्या वर्षाशी ताडून पाहायला तेवढे जेमतेम पुरतात, म्हणून सण झाला की आकडे वहीत उतरवून ठेवा.

पहिले तीन महिने आकडे लहानच असतात. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की त्या दिवशी चढतात आणि दुसऱ्या दिवशी खाली येतात. त्यावरून काहीच ठरवू नका. शोधातून येणारा वाचक हळूहळू वाढतो, पण तो टिकतो. जाहिरातींचे म्हणाल तर गूगलच्या ॲडसेन्समध्ये १०० डॉलर साठल्याशिवाय पैसे हाती येत नाहीत, आणि छोट्या मराठी ब्लॉगला तिथवर पोचायला पुष्कळ काळ लागतो. पहिल्या वर्षी जाहिराती लावू नयेत. पान जड होते आणि वाचक वैतागतो.

वर्षातून एकदा झाडलोट

प्रत्येक लेखाच्या तळाशी ‘शेवटची तपासणी’ म्हणून महिना आणि साल लिहा. पुढच्या वर्षी तोच लेख उघडा, नवा काढू नका. दर वर्षी नवा लेख काढला की आपलेच चार लेख शोधात एकमेकांशी भांडतात. तारीख, बस, फेरीबोटीच्या वेळा, रस्त्याची कामे, फोन लागतो का, एवढे पाहा. कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जिपा पावसाळ्यात बंद असतात, तेव्हा तो लेख सप्टेंबरातच तपासायला काढा.

त्याच बैठकीत सगळ्या ब्लॉगची प्रत उतरवून घ्या. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये बॅकअप असते, वर्डप्रेसमध्ये टूल्सखाली एक्सपोर्ट. त्यात लेखांचा मजकूर येतो, फोटोंच्या मूळ फाइली येतीलच असे नाही. त्या वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवा, लेखागणिक एक फोल्डर करून.