लांब घरात, जाड भिंतींत वाय-फाय राउटर कसा बसवावा

बेळगावात शहापूर-वडगावच्या बोळांतली जुनी घरं रुंदीला कमी आणि लांबीला भरपूर. पुढे सोपा, मग माजघर, स्वयंपाकघर, न्हाणी आणि शेवटी परडं. खानापूरकडे जांभ्याच्या भिंती, निपाणीकडच्या जुन्या वाड्यांत दगडमातीच्या. अशा घरात लाइनमन येतो, फायबरची वायर पुढच्या खिडकीतून आत घेतो आणि तिथेच टीव्हीशेजारी राउटर बसवून जातो. मागच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मुलीला सिग्नल पोचत नाही, म्हणून घरचे जास्त पैशांचा प्लॅन घेतात. तो स्पीड वाढतो पुढच्या खोलीतच. आपल्याकडच्या घरांत राउटरची जागा ही त्याच्या किमतीपेक्षा मोठी गोष्ट आहे, म्हणून सुरुवात तिथून करा.

जोडणीच्या दिवशीच लाइनमनला सांगा की वायर माजघरापर्यंत हवी. थोडी जास्त वायर लागेल, एखाद्या भिंतीला भोक पाडावं लागेल. त्याबद्दल वेगळे पैसे मागितले तरी द्यावेत असं माझं मत आहे. ही वायर काचेच्या तंतूची असते, त्यामुळे कोपऱ्यात काटकोनात दुमडू देऊ नका. मोठं वळण द्यायला लावा.

माजघरात राउटर माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, उघड्या फळीवर ठेवा. लोखंडी कपाटाच्या मागे, आरशाजवळ, फ्रिजच्या शेजारी किंवा पाण्याच्या टाकीखाली नको. धातू आणि पाणी दोन्ही लहरी अडवतात. पावसाळ्यात ओल धरलेली भिंतही कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते. खानापूरच्या बाजूला राहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं: मे महिन्यात मागच्या खोलीत जेमतेम येणारं वाय-फाय जुलैमध्ये आणखी मंदावू शकतं. अँटेना असतील तर त्या उभ्या ठेवा, म्हणजे सिग्नल आडवा, खोल्याखोल्यांत पसरतो. वरती माडी असेल तर एखादी अँटेना आडवी करा.

आता जोडणी. बऱ्याच कंपन्यांच्या फायबरच्या डब्यातच, म्हणजे ओएनटीमध्ये, वाय-फाय असतं. तो डबा माजघरात आला तर वेगळा राउटर घ्यायची गरजच पडत नाही, आधी तेवढ्यावर बघा. वेगळा घेतलाच, तर ओएनटीच्या लॅन पोर्टमधून एक केबल राउटरच्या वॅन पोर्टला लावा. वॅनचं भोक बहुधा वेगळ्या रंगाचं असतं.

राउटर चालू करून दोनेक मिनिटं थांबा. त्याच्या बुडाच्या स्टिकरवर वाय-फायचं नाव आणि पासवर्ड असतो, त्याने फोन जोडा. त्याआधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. या वाय-फायवर अजून इंटरनेट नसतं, त्यामुळे फोन गुपचूप डेटाकडे वळतो आणि पुढचं पान उघडत नाही. मग ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाका. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असतो, आणि टाइप करताना आकडे इंग्रजीच घ्यावे लागतात.

पुढे इंटरनेटचा प्रकार विचारला जातो, आणि इथेच बहुतेक लोक अडकतात. ओएनटी स्वतः लॉग-इन करत असेल तर ‘डायनॅमिक आयपी’ निवडा. नसेल तर ‘पीपीपीओई’ निवडून कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड भरावं लागतं. यातलं काय लागू आहे हे लाइनमनलाच विचारा, आणि ते युजरनेम-पासवर्ड कागदावर लिहून घेतल्याशिवाय त्याला दाराबाहेर जाऊ देऊ नका. सगळं बरोबर भरूनही इंटरनेट येत नसेल तर ओएनटी आणि राउटर दोघांचा पत्ता एकच आहे का बघा. असेल तर राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१०.१ असा करा.

सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ निवडा आणि डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटण किंवा पिनने जोडायची सोय, बंद करा. वाय-फायचा पासवर्ड किमान १२ अक्षरांचा ठेवा, त्यात फोन नंबर किंवा आडनाव नको. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला. गणपतीत कोल्हापूर-पुण्याहून पाहुणे आले की घर भरतं. त्यांच्यासाठी ‘गेस्ट नेटवर्क’ चालू करून ठेवा, म्हणजे मुख्य पासवर्ड वाटत बसावं लागत नाही.

राउटर दोन पट्ट्यांवर चालतो. ५ गिगाहर्ट्झ वेगवान, पण जाड भिंतीपलीकडे लवकर मावळतो. २.४ गिगाहर्ट्झ सावकाश, पण लांब जातो. माजघरात टीव्ही-लॅपटॉप ५ वर, परड्याकडचा फोन २.४ वर, अशी विभागणी करा. घराला घर लागून असेल तर २.४ मध्ये शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दी होते. चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जो मोकळा असेल तो घ्या, आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा.

एवढं करूनही मागची खोली कोरडी राहिली, तर सिग्नल उचलून पुढे फेकणाऱ्या स्वस्त रिपीटरवर पैसे घालू नका. त्यांपैकी बरेचसे स्पीड निम्म्यावर आणतात. त्याऐवजी माजघरातून मागे कॅट ६ केबल ओढा आणि तिथे दुसरा राउटर ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये लावा, म्हणजे तो केबलमधून आलेलं इंटरनेट नुसतं वाय-फायवर देतो. ही केबल १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या कुठल्याही घराला पुरून उरते.

वळवाच्या दिवसांत विजा कडाडू लागल्या की ॲडॅप्टर सॉकेटमधून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. काचेच्या तंतूतून वीज येत नाही, ती येते सॉकेटमधून. वीज गेल्यावरही इंटरनेट हवं असेल तर राउटरसाठीचा छोटा यूपीएस मिळतो. घेताना ॲडॅप्टरवरचे व्होल्ट जुळवा, ते बहुतेक १२ असतात. ओएनटी वेगळा असेल तर त्यालाही तोच आधार द्या, कारण नुसता राउटर चालू राहून इंटरनेट येत नाही.

ओएनटीवर ‘एलओएस’चा दिवा लाल झाला तर बिघाड बाहेरच्या फायबरमध्ये आहे किंवा वायरची पिन निसटली आहे. पिन नीट बसली आहे का बघा आणि लाइनमनला फोन करा. अशा वेळी रिसेटच्या भोकात टाचणी घालू नका. त्याने भरलेली सगळी सेटिंग पुसली जाते, आणि फायबर जोडून झाल्यावरही घरात इंटरनेट येत नाही.